हिशेबाची ओळ आत का घ्यावी?

आमचे लोधिवली गाव खालापूर तालुक्यात, चौकाजवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे. एका अंगाला इर्शाळगडाचा सुळका दिसतो, दुसऱ्या अंगाला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने. गावात अजून भाताची खाचरे आहेत आणि घराघरांत संगणकही आले आहेत. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे कुणाचा हिशेब अडला, की तो माझ्या ओटीवर येतो. बचत गटाच्या बाई येतात, उत्सवाचे खजिनदार येतात आणि सगळ्यांत जास्त येतात ते शाळेचे गुरुजी.

असेच एक गुरुजी मागे एका रात्री आले. गाव आणि शाळा सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले, घरी कुणी आजारी असावे. पण दुखणे निराळेच होते. शाळेत मुलांना दुपारचा आहार दिला जातो, त्याच्या तांदळाचा हिशेब ते संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात ठेवतात. महिनाअखेर तक्ता म्हणत होता, शिल्लक २०२ किलो. खोलीत वजन केले तर भरला १४२ किलो. साठ किलो तांदूळ, म्हणजे एका पोत्याहून जास्त, गेला कुठे? खोलीची किल्ली दोघांकडेच. एक गुरुजींकडे आणि दुसरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे. आता गुरुजींनी स्वतः तर तांदूळ नेलेला नाही. मग?

बाईंना कुणी उघड काही बोलले नव्हते. पण किल्ली परत मागितली गेली होती आणि त्यातून त्यांना समजायचे ते समजले होते. ‘‘गुरुजी, मी घरी दाणासुद्धा नेला नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे चुलीपाशी बसल्या. पुढच्या आठवड्यात तपासणी होती.

आम्ही तक्ता उघडला. आधी हिशेब बोटांवर करून पाहिला. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हे प्रमाण शिक्षकांना पाठ असते. लहान गटात रोज सरासरी ६० मुले, म्हणजे ६ किलो. मोठ्या गटात ४०, म्हणजे तेही ६ किलोच. शाळा भरली २४ दिवस. दोन्ही गटांचे मिळून २८८ किलो शिजले. आरंभीचा साठा १८० आणि महिन्यात आलेला २५०, एकूण ४३०. त्यातून २८८ वजा केले, की १४२ उरतात. म्हणजे खोलीतला तांदूळ खरा होता. तक्ता खोटे बोलत होता.

तक्ता का खोटे बोलला, हे कळायला आम्हांला मध्यरात्र झाली. ते कारणच आजच्या भाषणाचा विषय आहे. कारण इतके क्षुल्लक, की हसू यावे. काही ओळी आत सरकवल्या होत्या, आणि त्या दोन निरनिराळ्या रीतींनी सरकवल्या होत्या.

ओळ आत सरकवण्याला संगणकाच्या भाषेत ‘इंडेंट’ म्हणतात. शिक्षकांना हा शब्द निराळ्या अर्थाने ठाऊक आहे. कचेरीत इंडेंट म्हणजे मागणीपत्र. दोन्हींचे मूळ एकच, लॅटिनमधला दातांचा शब्द. पूर्वी विलायतेत करारपत्राचा कागद दातेरी कापून दोघांत वाटत. पुढे दाते जुळले तर करार खरा. असो. आपल्याला मागणीपत्राशी कर्तव्य नाही, ओळीच्या दातेरी कडेशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, की हे नवे खूळ संगणकाने आणले. तसे नाही. आमचे आजोबा कर्जतला एका भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. त्यांची लाल कापडाची लांबट वही मी लहानपणी पाहिली आहे. तिच्या पानावर एकही रेघ छापलेली नव्हती. पान उभे दुमडून त्याच्या घड्या पाडलेल्या असत आणि त्या घड्यांचेच रकाने होत. महाजनी वहीची ही पद्धत सबंध पश्चिम हिंदुस्थानात चाले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक बाजूचा पहिला रकाना म्हणजे सिरा; त्यात फक्त मोठी, एकूण रक्कम. पुढचे रकाने म्हणजे पेटा, त्यांत तपशील. सिऱ्यात १०० रुपये लिहिले, की ते कुणाकुणाचे, किती-किती, हे आतल्या घड्यांत उलगडायचे. आजोबा पानावरून नुसती नजर फिरवीत. सिरा वाचला की दिवस कळला. शंका आली तरच पेट्यात शिरायचे.

त्याच्याही मागे जा. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून काढले. हे कागद मोडी लिपीत आहेत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढी आणि मग हात न उचलता लिहीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. पत्र वाचताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीस येतो. पण हिशेबाचा कागद हाती घ्या. मोडी येत नसेल तरी मुख्य बाब कोणती आणि तिच्या पोटातली कोणती, हे मांडणीवरून ओळखू येते. वर बाब, तिची रक्कम, मग ‘पैकी’ किंवा ‘बितपशील’, आणि त्याखाली आत सरकलेल्या लहान ओळी. पत्र एकदा वाचून बाजूला ठेवले तरी चालते. हिशेब मात्र पुन्हा पुन्हा तपासायचा असतो, आणि तपासणारा माणूस बहुधा लिहिणारा नसतो. म्हणून कारकुनाने पत्रात जागा वाचवली, हिशेबात मोकळी सोडली.

‘पोट’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. इंडेंटला मराठीत नेमका शब्द शोधण्याची फार खटपट करू नये. कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. पोटहिस्सा, पोटखराबा, पोटकूळ, पोटकलम. सातबाराचा उतारा तर तुमच्या घरात असेलच. गाव नमुना ७ मधली क्षेत्राची मांडणी पाहा. समजा, एका खातेदाराची ७० आर जमीन आहे. ती अशी मांडता येईल:

एकूण क्षेत्र ०.७०
　　लागवडीयोग्य ०.६५
　　　　तरी ०.४०
　　　　वरकस ०.२५
　　पोटखराबा ०.०५
　　　　वर्ग अ ०.०५

आता हेच सहा आकडे डाव्या कडेला एकाखाली एक, सरळ लिहा. ०.७०, ०.६५, ०.४०, ०.२५, ०.०५ आणि पुन्हा ०.०५. जमीन किती? अनोळखी माणूस सगळ्यांची बेरीज करील आणि दोन हेक्टर दहा आर म्हणेल! ओळी आत घेतल्याबरोबर कुणाच्या पोटात कोण आहे ते दिसते. तरी आणि वरकस मिळून लागवडीयोग्य, लागवडीयोग्य आणि पोटखराबा मिळून एकूण. एक शब्दही जास्त लिहावा लागला नाही.

माणसाच्या डोळ्याला हे दिसते. संगणकाला दिसते का?

शिक्षकहो, येथे वर्गातला एक जुना गुणाकार आठवा. २३ गुणिले १४. आधी चारने गुणले, ९२ आले. मग एकाने गुणले, २३ आले. पण ही दुसरी ओळ आपण एक घर डावीकडे सरकवून लिहितो, कारण ती खरोखर २३० आहे. बेरीज ३२२. ज्या मुलाने ओळ सरकवली नाही, त्याचे उत्तर ११५ येते. येथे सरकवण्यातच अर्थ आहे. सातबाऱ्याच्या मांडणीत मात्र ओळ नाही सरकवली तरी जमीन ७० आरच राहते. फक्त वाचणारा फसतो. अशी ही दोन प्रकारची सरकवणी आहे. एकीत अर्थ बदलतो, दुसरीत अर्थ तोच राहून नुसता उजळतो. संगणकावर काम करताना आपण यांतल्या कोणत्या प्रकारात आहोत, हे ज्याला कळले त्याची निम्मी फजिती टळली.

एक्सेलच्या तक्त्यातली सरकवणी दुसऱ्या प्रकारची आहे. ती फक्त डोळ्यासाठी आहे. आता गुरुजींच्या तक्त्याकडे परत येऊ. त्यांनी रोजच्या नोंदींत गटाचे नाव लिहून ते एक पायरी आत घेतले होते. त्यासाठी त्यांनी योग्य तेच केले. होम या पट्टीवर अलाइनमेंट नावाच्या भागात बाण असलेली दोन बटणे असतात. एक ओळ आत नेते, दुसरे बाहेर आणते. हे बटण दाबल्याने घरातला मजकूर बदलत नाही. जणू भिंतीवरची तसबीर चार बोटे उजवीकडे टांगली, तसबीर तीच.

पण महिन्यातले दहा दिवस गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते. त्या दिवसांच्या नोंदी दुसऱ्या एका तरुण शिक्षकांनी केल्या. त्यांना बटण ठाऊक नव्हते. पण टापटिपीची आवड होती! ‘६ वी ते ८ वी’ हे शब्द वरच्या ओळींसारखे आत दिसावेत म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी आधी चारदा स्पेसची पट्टी दाबली. पडद्यावर दोन्ही ओळी अगदी सारख्या दिसत. संगणकाच्या लेखी मात्र मोकळी जागा हेही एक अक्षरच. चार मोकळ्या अक्षरांनंतर आलेले ‘६ वी ते ८ वी’ आणि नुसते ‘६ वी ते ८ वी’ ही त्याला दोन वेगळी नावे वाटली. गुरुजींनी गटवार बेरजेसाठी सम-इफ हे सूत्र घातले होते. सूत्राने सांगितलेल्या नावाच्या ओळी तेवढ्या वेचल्या आणि बाकीच्या सोडून दिल्या. दहा दिवस, रोज सहा किलो. साठ किलो तांदूळ शिजला, मुलांच्या पोटात गेला आणि हिशेबात आलाच नाही.

ही चूक आम्हांला सापडली ती लेन या छोट्या सूत्राने. ते घरातली अक्षरे मोजून सांगते. ‘६ वी ते ८ वी’ची अक्षरे त्याने एका ओळीत १२ सांगितली आणि दुसऱ्या ओळीत १६. (बारा कशी, असे विचाराल. संगणक ‘वी’मधला व आणि वेलांटी वेगवेगळी मोजतो, शिवाय मधल्या मोकळ्या जागाही धरतो. पहिलीच्या बाईंना हे पटायचे नाही.) उपायही सोपा आहे. ट्रिम नावाचे सूत्र आधीच्या, शेवटच्या आणि मधल्या जादा मोकळ्या जागा काढून टाकते. मात्र इंटरनेटवरून उचलून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी एक न तुटणारी मोकळी जागा येते. तिचा क्रमांक १६०. तिला ट्रिम हात लावत नाही. ती सबस्टिट्यूट या सूत्राने वेगळी काढावी लागते. आम्ही दहा ओळी नीट केल्या आणि शिल्लक १४२ आली.

गुरुजी सकाळी शाळेत जाण्याआधी बाईंच्या घरी गेले, हे मला नंतर कळले. किल्ली त्यांनी आपल्या हाताने परत दिली.

तेव्हा तक्त्यात ओळ आत घ्यायची तर बटणानेच घ्या, स्पेसने कधीही नको. ज्यांना बटण शोधण्याचा कंटाळा आहे, त्यांनी ऑल्ट दाबून सोडावे आणि मग एच आणि ६ दाबावे. ओळ आत जाते. एच आणि ५ ने बाहेर येते. आणखी एक. आकड्यांना हे बटण लावू नका. आकडे आपोआप उजव्या कडेला लागलेले असतात, एककाखाली एकक येतो. बटण दाबले की ते डावीकडे उड्या मारतात. नावे आत घ्या आणि आकड्यांसाठी दोन रकाने ठेवा. आतल्या रकान्यात तपशील, बाहेरच्यात एकूण. आमच्या आजोबांचा पेटा आणि सिरा तोच.

दोन रकान्यांचा कंटाळा केला तर काय होते, ते उत्सवाच्या हिशेबात पाहिले. मंडप ४०,००० रुपये. त्याच्या पोटात कापड-बांबू २५,००० आणि वीज १५,०००. तिन्ही आकडे एकाच रकान्यात, नावे मात्र छान आत घेतलेली. खाली सम लावले, बेरीज आली ८०,०००! सम या सूत्राला कुणाच्या पोटात कोण हे कळत नाही. एकच रकाना हवा असेल तर पोटातली आणि शेवटची, दोन्ही बेरजा सबटोटल या सूत्राने कराव्यात. आपल्या टापूत आलेल्या दुसऱ्या सबटोटलला ते पुन्हा धरत नाही.

तसेच, आत घेतलेल्या ओळींचा तक्ता कधी अक्षरानुक्रमे लावायला जाऊ नका. ‘वीज’ मंडपाखालून उठून विसर्जनाशेजारी जाऊन बसेल, आणि ती कुणाची लेक हे मग कुणी सांगू शकणार नाही. मोठ्या तक्त्यात मी डावीकडे एक रकाना जास्त ठेवतो आणि त्यात नुसता पायरीचा आकडा लिहितो. मुख्य बाबीला ०, पोटबाबीला १, तिच्याही पोटातलीला २. डोळ्याला ओळ आत दिसते, आणि सूत्रांना आकडा वाचता येतो.

आता मॅक्रोकडे वळू. ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रोज तेच तेच काम हाताने करण्याऐवजी संगणकाला एकदा लेखी हुकूम लिहून ठेवायचे, त्या हुकमांच्या यादीला मॅक्रो म्हणतात. एक्सेलमध्ये ती १९९३ सालापासून व्हीबीए नावाच्या भाषेत लिहितात. भाषा इंग्रजी शब्दांची आहे. त्या खिडकीत देवनागरी लिहायला गेलात तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून मराठी नावे तक्त्याच्या घरातच ठेवावी आणि मॅक्रोने ती तेथून उचलावी. येथे मी हुकूम मराठीतच मांडतो. आहाराचा रोजचा तांदूळ ग्रॅममध्ये काढायचा आहे:

प्रत्येक ओळीसाठी
जर हजेरी शून्य नसेल तर
जर इयत्ता पाचवीपर्यंत असेल तर
तांदूळ = हजेरी × १००
नाहीतर
तांदूळ = हजेरी × १५०
जर संपले
जर संपले
पुढची ओळ

संगणक हे बिनतक्रार वाचतो. आपण वाचून पाहा. हा ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चा? सुट्टीच्या दिवसाचा, की वरच्या वर्गांचा? पहिले ‘जर संपले’ कुणाचे? रेडिओवरून हे नुसते ऐकवले तर कुणालाच सांगता यायचे नाही. छापील पुस्तिकेचा हा एक फायदा, की तीच यादी पायऱ्यापायऱ्यांनी दाखवता येते:

प्रत्येक ओळीसाठी
　　जर हजेरी शून्य नसेल तर
　　　　जर इयत्ता पाचवीपर्यंत असेल तर
　　　　　　तांदूळ = हजेरी × १००
　　　　नाहीतर
　　　　　　तांदूळ = हजेरी × १५०
　　　　जर संपले
　　जर संपले
पुढची ओळ

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावायला मला वेळ लागत नाही. मोठ्या खाचरात लहान खाचर असावे, तसे हे आहे. ‘जर’पाशी पाणी आत येते आणि ‘जर संपले’ हा त्याचा बांध. दोन्ही एकाच रेषेत असले, की हे पाणी या बांधाशी थांबते हे दिसते. बांध फुटला तर कुठे फुटला तेही दिसते. व्हीबीएमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आहे. आतले एखादे ‘जर संपले’ लिहायचे राहिले, तर संगणक त्याबद्दल काही बोलत नाही. तो म्हणतो, ‘नेक्स्ट विदाउट फॉर’, म्हणजे ‘पुढची ओळ’ आहे पण तिचा ‘प्रत्येक ओळीसाठी’ सापडत नाही! नवशिका शिक्षक ‘प्रत्येक ओळीसाठी’ डोळ्यासमोर असताना तास तास तोच शोधत बसतो. ओळी पायरीने लावल्या असतील तर खालून वर नजर नेताच तुटलेला बांध सापडतो.

पायरी लावण्याचे यंत्रही तेथेच आहे. मॅक्रोच्या खिडकीत टॅब ही कळ दाबली की ओळ चार अक्षरे आत जाते. पुष्कळ ओळी एकदम निवडून टॅब दाबले तर सगळ्या जातात. शिफ्ट धरून टॅब दाबले तर परत येतात. चार अक्षरेच का? दोन घेतली तरी चालेल. १९८३ साली अमेरिकेत बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोगच केला. वेगवेगळ्या अंतरांच्या पायऱ्या लावलेले कार्यक्रम वाचायला देऊन लोकांना प्रश्न विचारले. दोन ते चार अक्षरांच्या पायरीचे कार्यक्रम लोकांना सर्वांत चांगले कळले. लिनक्स लिहिणारे मात्र आठ अक्षरांची पायरी घेतात. माझे मत विचाराल तर तक्त्यात तीन पायऱ्यांच्या आत काही नेऊ नये, आणि मॅक्रोत चार. त्याहून खोल जावे लागले तर आत जाण्याऐवजी कामाचे दोन तुकडे करावेत.

पण एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पायरी खोटीही असू शकते. व्हीबीएमध्ये लहानसा ‘जर’ एकाच ओळीत लिहिण्याची मुभा आहे:

जर शिल्लक शून्याहून कमी असेल तर घर तांबडे कर
　　‘साठा तपासा’ अशी सूचना दे

दुसरी ओळ आत दिसते. आपल्याला वाटते, शिल्लक कमी असेल तेव्हाच सूचना येईल. पण एका ओळीतला ‘जर’ त्याच ओळीत संपला. दुसरी ओळ त्याच्या बांधाबाहेर आहे आणि ती दर वेळी चालणार, साठा भरपूर असला तरी. पायरी बघून आपण फसलो.

मोठमोठे लोकही यात फसले आहेत. २०१४ सालच्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आयफोनसाठी घाईघाईने दुरुस्ती पाठवावी लागली. फोन जेव्हा बँकेसारख्या ठिकाणाशी गुप्तपणे बोलतो, तेव्हा समोरचा खरा आहे की तोतया, याची सही तपासतो. त्या तपासणीच्या कार्यक्रमात ‘चूक आढळली तर बाहेर जा’ असा हुकूम होता. त्यातली ‘बाहेर जा’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकलेल्या, म्हणून दोन्ही ‘जर’च्या पोटात वाटत. त्या भाषेच्या नियमाने मात्र, कंस घातला नसेल तर पहिली ओळ तेवढी ‘जर’ची. दुसरी मोकाट. त्यामुळे चूक असो-नसो, कार्यक्रम तेथूनच बाहेर पडे आणि सहीची शेवटची तपासणी कधी होतच नसे. वाचणाऱ्यांना ती ओळ ‘जर’च्या पोटातच दिसत होती.

अशी फसगत होऊ नये म्हणून काही जणांनी उलटा मार्ग धरला. माणूस पायरी पाहून वाचतो ना, मग संगणकानेही पायरीच पाहावी! पीटर लँडिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६६ साली ही कल्पना मांडली. नेदरलँड्समधल्या गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन या भाषेत ती रुजली. पायथनमध्ये ‘जर संपले’ लिहावेच लागत नाही. ओळ बाहेर आली की ‘जर’ संपला. म्हणजे येथे आपण गुणाकाराच्या ओळीकडे परत आलो. घर चुकले की उत्तर चुकले. तुमच्या घरची कॉलेजात जाणारी पोरे ही भाषा शिकत असतील. त्यांना विचारा, एका ओळीत टॅब आणि दुसरीत स्पेस अशी भेसळ केली तर काय होते. पायथनची आजची आवृत्ती अशी भेसळ खपवून घेत नाही, ती कार्यक्रम चालवायलाच नकार देते. एक्सेलच्या तक्त्यात अशी भेसळ झाली तेव्हा आम्हांला कुणी अडवले नव्हते, आणि साठ किलो तांदूळ हरवला होता.

राहता राहिली लांब सूत्रे. घरात एकाच ओळीत ठासून भरलेले दोनशे अक्षरांचे सूत्र तुम्ही पाहिले असेल; त्यात इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी एक. तेही मोकळे करता येते. सूत्राच्या पट्टीत जेथे तोडायचे तेथे ऑल्ट धरून एन्टर दाबावे, म्हणजे पुढचा भाग खालच्या ओळीवर जातो. तेथे सुरुवातीला स्पेस देऊन खुशाल आत घ्यावा. हो, येथे स्पेस चालते. सूत्राच्या ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा संगणक सोडून देतो. फक्त अवतरणचिन्हांच्या आत ती जाऊ देऊ नका, तेथे ती पुन्हा अक्षर होते. पट्टी अरुंद वाटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबल्याने ती उघडते.

आणि वर सांगितलेल्या पायरीच्या आकड्यांचा रकाना ज्यांनी ठेवला असेल, त्यांना बटणसुद्धा दाबायला नको. हा तीन ओळींचा मॅक्रो पुरे:

दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक ओळीसाठी
　　नावाच्या घराचे इंडेंट-लेव्हल = डावीकडच्या घरातला आकडा
पुढची ओळ

गुरुजींच्या तक्त्यात आता हाच मॅक्रो आहे. गटाचे नाव हाताने लिहायची सोयच आम्ही काढून टाकली. डेटा व्हॅलिडेशनमधून दोन गटांची यादी लावली आहे, त्यातून एक निवडायचे. बदली शिक्षक आले तरी त्यांना स्पेस दाबायला जागा राहिलेली नाही. तपासणीच्या दिवशी साहेबांनी तांदळाचा आकडा पाहिला, खोलीत जाऊन पोती पाहिली, चहा घेतला आणि ते पुढच्या शाळेला गेले. चहा बाईंनीच केला होता.